तीन रिंगा आणि तक्रार बंद

सोळा वर्षं मी लोकांच्या घरात कान देऊन बसले आणि त्याचा मला दरमहा पगार मिळाला. घरं मात्र पाहिली नाहीत. एक सोडून. त्या एकाचं सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे, पण आधी धंदा समजावून देते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की ही बाई काहीतरी भलतेच उद्योग करत होती.

मी येळ्ळूरची. सासर आणि माहेर दोन्ही गावातच, मधे दोन गल्ल्या. घरची शेती, आणि मी रोज सकाळच्या बसनं बेळगावला नोकरीला. घरोघरी इंटरनेट पुरवणारी एक लहानशी कंपनी होती. एका दवाखान्याच्या माडीवर तीन खोल्या, चार लाईनमन, एक मालक आणि तक्रारींच्या टेबलावर मी. नेट बंद पडलं की लोक फोन करणार आणि तो मी उचलणार. “नमस्कार, बोला” म्हणायचं. पलीकडं शांतता असली तर कन्नडमधे “हेळ्री” म्हणायचं. तरी शांतता असली तर “हां जी, बोलिए.” तिसऱ्यावरही कुणी बोललं नाही, तर समजायचं की मांडीवरच्या बाळानं फोन लावलाय.

तुमच्या भिंतीवर जी दिवे लुकलुकणारी डबी असते, तिला राउटर म्हणतात. रस्त्यावरच्या खांबावरून तिच्यापर्यंत एक काळी वायर येते. त्या वायरच्या पोटात केसाएवढी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून उजेड धावतो. करंट नव्हे, उजेड. आमचा जुना लाईनमन इराप्पा यानं मला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मला ती थाप वाटली. मग एक दिवस त्यानं तसल्या तारेचा तुकडा आणला, एका टोकाला बॅटरी धरली, आणि दुसऱ्या टोकाला मोहरीएवढा उजेडाचा ठिपका दिसला. आमच्या लाईनीतला उजेड तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, म्हणून तारेच्या तोंडाला कधी डोळा लावायचा नाही, असंही त्यानं बजावलं. त्या दिवशी बसनं घरी जाताना मी खांबाखांबावरच्या वायरी बघत गेले. संध्याकाळ झाली होती, आणि डोक्यावरून न दिसणारा उजेड येळ्ळूरच्या दिशेनं माझ्याबरोबर चाललाय असं वाटत होतं. पुढं कितीतरी दिवस मी बसची खिडकी सोडली नाही.

डबीवरचे दिवे सोपे असतात. एक करंटाचा. एक लाईनीचा, तो हिरवा आणि स्थिर पाहिजे. आणि एक लाल, तो लागूच नये. लाल लागला म्हणजे उजेड तुमच्या घरापर्यंत पोचत नाही. वायर तुटली, उंदरानं कुरतडली, टोक निसटलं, टोकाला घाण बसली, काहीही असेल. बाकी सगळ्या दुखण्यांवर आमचा एकच काढा: बंद करा, दहा अंक मोजा, चालू करा. लोकांना वाटतं हे आम्ही वेळ काढायला सांगतो. तसं नसतं. ती डबी रात्रंदिवस जागी असते, शंभर गोष्टी डोक्यात धरून असते, आणि मग तिचा गोंधळ उडतो. घटकाभर निजली की शुद्धीवर येते. मी तर म्हणेन माणसांचंही असंच असतं, पण माणसाचं बटण कुठं असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

लोक लाईट बघायला आत जायचे तेव्हा फोन तसाच चालू असायचा. तीच माझी खरी नोकरी. पलीकडं घर एकटं बोलत राहायचं. कुकरची शिट्टी, पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज, कोंबडी, मधेच कुणाचा तरी पाढा. वडगावचा फोन असला की पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट असायचाच, आणि शहापुरातल्या एका घरात हातमाग होता, त्याचा आवाज वेगळा, सावकाश, दोन ठोक्यांमधे श्वास घेणारा. दुपारी अडीच-तीनला, पंखा डोक्यावर फिरत असताना, मी डोळे मिटून ती घरं बांधायची. इथं दार, इथं न्हाणीघर, इथं मोरीजवळ जास्वंद. घरात जास्वंद आहे हे आवाजावरून कसं कळतं, असं कुणी विचारू नये. मला कळायचं. माझ्या डोक्यात असं एक गाव तयार झालं होतं की ज्यात बेळगावची गल्ली निपाणीच्या बाजारपेठेला लागून होती आणि सदलग्याची नदी वडगावातून वाहत होती. सोळा वर्षं मी त्या गावात राहिले, आणि खरं सांगायचं तर अजूनही दुपारी डोळा लागला की तिथंच जाते.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी होते. त्यांची तक्रार, वखारीत नेट येतं पण एकदम मरतुकडं येतं. आठ दिवस मी त्यांना डबी झोपवायला आणि उठवायला सांगत होते. नवव्या दिवशी सहज विचारलं, “डबी ठेवलीया कुठं?”

“कपाटात,” ते म्हणाले.

“लाकडी?”

“छ्या! लोखंडी. कुलूप घालून. म्याडम, वखारीत धा माणसं येत्यात जात्यात, कुणी उचलून नेली म्हंजे?”

लोखंडाच्या कपाटातून वायफाय बाहेर कसं येणार? त्यांना मी एवढंच म्हणाले की, शेठ, कोंबडा डालग्याखाली ठेवून तो आरवत नाही म्हणून रागावू नका. त्यांनी डबी बाहेर काढली. पण ती चोरीला जाऊ नये म्हणून तिला साखळी बांधली, असं नंतर इराप्पानं सांगितलं.

कडोलीचे एक निवृत्त गुरुजी होते. त्या गावाला साहित्य संमेलनाची सवय, त्यामुळं गुरुजींची तक्रारसुद्धा प्रास्ताविकासह यायची. आधी माझी विचारपूस, मग हवामान, मग मुख्य विषय, शेवटी आभार. विषय एकच: रोज संध्याकाळी सहाला नेट जातं आणि सकाळी सातला येतं. लाईनमन दुपारी जायचा, सगळं ठीक दिसायचं. मला मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या बोलण्याआधी एक करकर ऐकू यायची. “गुरुजी, हा कसला आवाज?” म्हटलं, तर म्हणाले, “खिडकी. डासांसाठी आम्ही सहाला खिडकी लावून घेतो.” वायर त्याच खिडकीतून आत आली होती, आणि खिडकी लागली की तिची मान मुरगळत होती. काचेच्या तारेतला उजेड हळूच वळतो, पण काटकोनात वळ म्हटलं तर तो बाहेर सांडतो. हे मी त्यांना समजावलं, तर गुरुजी म्हणाले, “सुंदर आहे हो हे.” मलाही नेहमी तसंच वाटायचं. ऑफिसात बोलून दाखवायची सोय नव्हती.

आता तीन रिंगांचं सांगते.

आमच्याकडं नियम होता. तक्रार आली की आपण उलट फोन करून खात्री करायची. उचलला नाही तर थोड्या वेळानं पुन्हा. तीनदा करूनही उचलला नाही, यालाच आम्ही तीन रिंगा म्हणायचो, तर संगणकात ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं घालून तक्रार बंद करायची. नियम वाईट नव्हता. निम्म्या लोकांची लाईन तोवर आपोआप आलेली असायची आणि ती मंडळी फोन करायचं विसरून चहाला बसलेली असायची. मी हा नियम डोळे झाकून पाळायची, आणि पाळते म्हणून मला अभिमानही होता.

वडगावचे परसूआप्पा नावाचे एक गिऱ्हाईक होते. परसूआप्पांचा फोन आला की मी आधी कानावरचा फोन चार बोटं लांब धरायची. तोफच. “लाल लाईट लागलाय! माणूस पाठवा!” एवढं ओरडून ते फोन ठेवून द्यायचे. मी “आप्पा, जरा थांबा, टोक नीट बसलंय काय बघा” असं म्हणेपर्यंत पलीकडं कुणी नसायचं. उलट फोन केला की नुसत्या रिंगा. एक, दोन, तीन. तक्रार बंद. दुसऱ्या दिवशी परत तोफ. ऑफिसात आम्ही त्यांचं नावच ‘तोफखाना’ ठेवलं होतं. मला त्यांचा रागही यायचा. म्हातारा माणूस, पण रीतभात म्हणून नाही, असं मी घरी नवऱ्याजवळ बोलून दाखवलं होतं. माझ्या मनातल्या गावात त्यांचं घर मोठं दुमजली होतं, आणि आप्पा मिशा पिळत झोपाळ्यावर बसलेले.

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या भागात त्या दिवशी प्रत्येक जण आपापलं हत्यार पूजतो. शेतकरी नांगर-कोयता, सुतार रंधा, विणकर माग. गाड्या धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा पडतात. चारही लाईनमन आपापल्या गावी गेले होते, मालक घरच्या पूजेत, आणि ऑफिसात मी एकटी. सकाळपासून रस्त्यावर आवाज नव्हता. वडगावचे सगळे माग बंद असले की बेळगावची हवासुद्धा वेगळी लागते, कापसासारखी. मी टेबलावरच्या फोनलाही हळदकुंकू लावून, एक फूल वाहून बसले होते.

सव्वानऊला आप्पांची तोफ आली. “लाल लाईट! लवकर या!” मी उलट फोन केले. तीन रिंगा. नियमानं बंद केली. पावणेदहाला परत, “लाल लाईट! पोरीचं काम हाय!” पुन्हा माझे तीन फोन, पुन्हा बंद. सव्वादहाला तिसऱ्यांदा. मी चिडून म्हणाले, “आप्पा, फोन उचलायचा नसंल तर कशाला करताय?” ते ऐकायला ते कुठं होते?

साडेदहाला चौथ्यांदा फोन आला आणि आवाज ओळखूच आला नाही. तोफ नव्हती. चिरकत, थांबत बोलत होते.

“बाई, मला ऐकू येत न्हाय. तुमी तिकडनं काय बोलताय, मला कळत न्हाय. मी बोलतो ते तुमास्नी ऐकाय जातंय काय, ते बी कळत न्हाय. माझी पोरगी चिक्कोडीला दवाखान्यात हाय. बारा वाजता पोट कापून मूल काढणार हाईत. तिला जल्मापास्नं ऐकू येत न्हाय, बोलाय येत न्हाय. आमी हातानं बोलतो. फोनात दिसली तरच बोलाय येतंय, आन फोनात नेट तुमच्या डबीवरनंच येतंय. माझा पाय प्लास्टरात हाय, शेजारची सनाला गेल्यात. कुणी ऐकत असशीला तर या.”

आणि नेहमीसारखाच फोन बंद झाला.

ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याला मी तीन वर्षं फोन करत होते, आणि तो उचलत नाही म्हणून त्याची तक्रार पुसत होते. त्याला घंटाच ऐकू येत नव्हती. आपलं पलीकडं पोचलं की नाही ते कळायचा त्याला मार्गच नव्हता, म्हणून तो ओरडत होता, आणि ओरडून झालं की फोन ठेवत होता. मी, कानावर पोट भरणारी बाई, घरातली जास्वंद ओळखणारी, मला एवढं ओळखता आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

इराप्पाला फोन लावला. तो गावाकडं बैलांच्या शिंगांना रंग देत होता.

“परसूआप्पांना ऐकू येत न्हाय, तुला म्हाईत होतं?”

“व्हय की. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यात आक्का, कान काय राहत्यात व्हय? सगळ्या वडगावाला म्हाईत हाय. तुमास्नी म्हाईत न्हाय?” मग म्हणाला, “मला गल्लीत बघितलं की हात धरून नेतेत, तवाच करून देतो मी त्येंचं काम.”

त्याला यायला दोन तास लागले असते. मी हळदकुंकू लावलेला फोन वाजता ठेवून जिना उतरले. नोकरीत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याबद्दल चार शब्द सुनावले, आणि ते चुकीचे नव्हते.

रिक्षावाल्यानं अकराच्या आत पोचवलं. दुमजली घर नव्हतं, झोपाळा नव्हता. पत्र्याचं शेड, त्यात एकच यंत्रमाग, धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेला. मागं एक खोली, आणि तिच्यात जमिनीवर बसलेले, प्लास्टरातला पाय लांब पसरलेले एक बारीकसे गृहस्थ. मिशासुद्धा नव्हत्या. मी “आप्पा” म्हणून हाक मारली आणि लगेच जीभ चावली. मग पुढं जाऊन खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वर पाहिलं. मी कानाला फोन धरल्याची खूण केली, मग स्वतःकडं बोट दाखवलं. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा काही सैल पडला की मला खाली बघावं लागलं.

त्यांच्यासमोर पाटावर पूजा मांडलेली होती. धोटा, कात्री, मागाची फणी, तेलाची बुधली, आणि शेवटी, झेंडूच्या दोन फुलांमधे, आमची डबी. हळदीची पाच बोटं, वर कुंकू. तिचा लाल दिवा कुंकवातून मिणमिणत होता.

मी डबीला हात घातला आणि आप्पांनी माझं मनगट धरलं.

“पूजेला बसलंय, बाई. उद्या उठवायचं.”

तुम्ही म्हणाल, लेकीचा जीव टांगणीला आणि याला पूजेची पडलीय. पण मी येळ्ळूरची आहे. आमच्या घरी खंडेनवमीला बसवलेला कोयता सासूबाईंनी दारात साप निघाला तेव्हासुद्धा उचलू दिला नव्हता, काठीनं भागवलं होतं. आणि जिच्या पोटातून रोज लेक दिसते ती डबी पूजेत मांडली, यात त्यांचं चुकलं काय? मी वाद घालत बसले नाही. पाटावरच्या चार अक्षता उचलल्या, डबीवर टाकल्या, हात जोडले, आणि उत्तरपूजेत करतात तशी ती जराशी जागची हलवली. झालं, उठवली. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि मनगट सोडलं. एक दिवस आधी उठवल्यानं देव काही रागावणार नाही, एवढं त्यांनीही ठरवलं असावं.

आता पुढची पंचाईत. हजारो माणसांना मी सांगितलं असेल, “मागचं हिरवं टोक हळूच दाबून काढा.” स्वतः कधी हात लावला नव्हता. हिरवं टोक कुठलं तेच सापडेना. मी इराप्पाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक झाले.

“लाल लाईट लागलाय,” मी म्हणाले.

“टोक काढा आक्का. ओढू नका, खटका दाबा. डोळा लावू नका त्येला.”

टोक निघालं. पांढऱ्या सुईसारखं त्याचं तोंड पार पिवळं झालेलं होतं. मी टोक दाखवल्यावर आप्पांनीच सांगितलं, सकाळी डबीला आंघोळ घालायची म्हणून त्यांनी सगळ्या वायरी काढल्या होत्या. शॉक बसू नये म्हणून, शहाणपणानंच. ओल्या फडक्यानं डबी पुसली. मग विणकर मागाचा भाग नि भाग पूजतो, तसं प्रत्येक वायरच्या टोकाला हळदकुंकू लावून परत जिथल्या तिथं खोचलं. काचेची ती तार केसाएवढी, तिच्या तोंडावर हळदीचं बोट. उजेड दारापर्यंत आला होता आणि त्या पिवळ्या पडद्यामागं उभा होता.

“हळद लागलीया रे,” मी म्हणाले.

इराप्पा पलीकडं कन्नडमधे देवाचं नाव घेऊन हसला. “पुसा. कोरडा मऊ कापूस, एकाच बाजूनं, फिरवू नका. फुंकर मारू नका, थुंकी जाते.”

वातीच्या डब्यात कापूस होता. मी पुसलं. कापूस पिवळा झाला. दुसरा घेतला, फिक्का पिवळा. तिसरा. चौथा कापूस पांढरा निघाला. टोक बसवलं, खटका वाजला. लाल दिवा लागलेलाच. “थांबा,” इराप्पा म्हणाला, “दहा मोजा.” माझंच औषध मला. मी मोजायला लागले, आप्पा माझ्या ओठांकडं बघत होते आणि माझ्याबरोबर बोटं मिटत होते. सात झाले आणि लाल गेला. हिरवा लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, आणि स्थिर झाला.

साडेअकरा वाजून गेले होते. आप्पांच्या हातातला मोबाईल उजळला. चिक्कोडीहून लेकीची नणंद केव्हापासून लावत असणार, कारण लगेच चेहरा दिसला. रंजना, आप्पांची लेक. हिरवा झगा, केस टोपीत, डोळे रडून सुजलेले. तिनं बापाला बघितलं आणि तिचे हात सुरू झाले.

आप्पा डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं उत्तर देत होते. माझ्या लाईनीवरचं एवढं मोठं बोलणं, आणि त्यात आवाज नव्हता. बोटं उघडत होती, मिटत होती, छातीवर टेकत होती, हवेत काहीतरी ठेवून येत होती. खोलीत माशी उडाली तर ऐकू येईल अशी शांतता होती. बंद मागांचं वडगाव, दारातून आलेला उन्हाचा लांब पट्टा, आणि त्यात एका म्हाताऱ्याच्या हाताची सावली भिंतीवर बोलत होती. मी जागी आहे की दुपारच्या त्या माझ्या गावात आहे, हे क्षणभर मला कळेना.

मधेच आप्पा माझ्यासाठी मोठ्यानं बोलले. “भ्यालीया. हिची आई हिच्या पाठच्याच्या बाळंतपणात गेली, हिच्या म्होरं. ती म्हणतीया, मी बी परत येणार न्हाय.” मग पुन्हा हात हलवले, सावकाश, आणि तेही मला सांगितलं. “म्हटलं, मी हितंच बसलोय. तू भाईर आलीस की पयला मीच दिसणार. जा.”

रंजनानं डोळे पुसले. तिला आत नेलं. नणंदेनं फोन चालूच ठेवला आणि पडद्यावर दवाखान्याचं छत दिसायला लागलं.

“बाई, बसा,” आप्पा म्हणाले. “लाईन परत गेली म्हंजे?”

मी बसले. त्या हिरव्या दिव्यावर मी जी नजर ठेवली, तशी स्वतःच्या लेकरांच्या पाळण्यावरही ठेवली नसेल. ऑफिसात फोन वाजत असणार, कुणाकुणाच्या घरी लाल लाईट लागले असणार. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आप्पांनी शेजारणीनं सणाला जाताना ठेवलेल्या डब्यातली पोळी मला दिली, मी अर्धी खाल्ली. तेवढ्यात मी त्यांच्या जुन्या बिलाच्या पाठीमागं लिहिलं, ‘तीन वर्षं तुमची तक्रार मीच बंद करत होते. मला माहीत नव्हतं. माफ करा.’ त्यांनी कागद लांब धरून, अक्षर अक्षर लावत वाचला. घडी घालून खिशात ठेवला. “मला वाटलं, तिकडं कुणी असतच न्हाय,” ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी संगणकात त्यांच्या नावापुढं लिहिलं, ‘ग्राहकांना ऐकू येत नाही. फोन करू नये, माणूस पाठवावा.’ मग बाकीच्या बंद तक्रारी उघडून, तीन रिंगांत मिटवलेली नावं एकेक वाचत बसले. त्यातल्या किती जणांना घंटा ऐकू येत नसेल, किती जण अंथरुणातून उठू शकत नसतील, हे मी कधी विचारलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत मी तो नियम पुन्हा पाळला नाही.

पण हे दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी, साडेबाराच्या सुमाराला, पडद्यावरचं छत हललं. नणंदेचा चेहरा आला, हसरा, आणि मग तिनं फोन खाली केला. कापडात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड. आणि आवाज.

असा आवाज मी त्या फोनांवर कधी ऐकला नव्हता. त्या लहानशा मोबाईलमधून तो बाहेर पडला आणि पत्र्याच्या शेडभर भरला. बंद मागावरून, माळांवरून, दारातून गल्लीत गेला. आप्पा पडद्याकडं बघत होते. त्यांना ते तोंड उघडलेलं दिसत होतं, एवढंच. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत ऐकू येणारी मी एकटीच होते.

“रडतंय काय, बाई?”

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी हलवली.

“केवढ्यानं?”

मी दोन्ही हात पसरले. जेवढे पसरता येतील तेवढे, पार खांद्यात कळ येईपर्यंत. आप्पा माझ्या एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत बघत गेले आणि तोंड उघडं टाकून, आवाज न करता हसले.

अर्ध्या तासानं रंजनाला बाहेर आणलं. नणंदेनं फोन तिच्या तोंडासमोर धरला. गुंगीनं तिचे डोळे धड उघडत नव्हते, पण तिनं बाप बघितला. चादरीखालून एक हात काढला, शेजारच्या गाठोड्याकडं केला, मग स्वतःच्या ओठांकडं नेला, आणि बोटं हवेत तशीच उघडी ठेवली. काय विचारतेय ते मलासुद्धा कळलं: रडलं काय?

आप्पांनी मोबाईल माझ्या हातात दिला. एवढं सांगायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.